हसू नेमकं कुठं आलं

जाफराबादहून जालन्याला निघालेल्या एसटीत ती माझ्या शेजारी, खिडकीपाशी बसली होती. अंगात काळा बुरखा, तोंडावरचा नकाब वर केलेला. ओठ सारखे हलत होते आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. पोरगी जप करतेय असं समजून मी मोठ्या भक्तिभावानं शेंगा फोडणं थांबवलं. मागच्याला मोबाइलचा आवाजही कमी करायला लावला.

तेवढ्यात तिनं विचारलं, "मावशी, एक जोक ऐकता का? परवा पुण्यात माझा शो हाय. माइक घेऊन एकटीनं लोकांना हसवायचं. तेच पाठ करून राह्यले."

मी मान हलवली. घसा साफ करून ती म्हणाली, "अब्बा म्हणतेत, बुरख्याशिवाय स्टेजवर जायचं न्हाई. शोवाले म्हणतेत, बुरख्याशिवाय तिकीट खपत न्हाई. माझ्या लग्नावर कोणाचं एकमत होईना, याच्यावर बराबर झालं!"

मी इतकी खदखदून हसले की कंडक्टरनं वळून पाहिलं. ती मात्र हसली नाही. डॉक्टर दुखरी जागा चाचपत विचारतात तसं तिनं विचारलं, "नेमकं कुठं हसलात? बुरख्यावर का एकमतावर? बुरख्यावर हसू येत असंल, तर मी जोकच काढून टाकते."

"एकमतावर," मी जरा जास्तच घाईनं म्हणाले.

"सगळे हेच म्हणतेत," म्हणत तिनं अंगठा पुन्हा पहिल्या पेरावर नेला आणि खिडकीकडं वळली.

उरलेल्या शेंगा मी जालन्यापर्यंत खाल्ल्या, पण एकीचाही आवाज होऊ दिला नाही.