फौजदारबाईंनी मारलेली रेघ

आमच्या प्रयोगशाळेत दूध, अंडी, मांस, मध यांत औषधांचे अंश राहिलेत का ते तपासतात, आणि तपासणाऱ्यांना फौजदारबाई तपासत. हे नाव आम्हीच ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. रोज सकाळी त्या दारात उभ्या. "हात दाखव. क्रीम लावलंयस? जा, धुऊन ये." माझी नोकरी पंधरा वर्षांची, घरी दोन मुलं, तरी मी निमूट हात पुढे करायचे. कुणी मलमाची ट्यूब आणली तर तिच्यावरची बारीक अक्षरंसुद्धा त्या वाचून काढत.

त्यांच्या नोंदवह्यांचा तर दराराच होता. एकतीस वर्षांत एक आकडा खोडलेला नाही! निवृत्तीला तीन आठवडे उरले होते आणि त्या वह्या उघडून दाखवत बाईंनी आमचं डोकं खाल्लं होतं.

त्या दुपारी मधाच्या एका नमुन्यात खाद्यपदार्थांत बंदी असलेलं प्रतिजैविक निघालं. अगदी कणभर, पण या औषधाला कणाचीही माफी नाही. नमुन्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक. तरी अहवाल गेला की कुठल्यातरी मधपाळाचा अख्ख्या हंगामाचा मध फेकला जाणार, एवढं आम्हाला ठाऊक होतं. बाईंनी आकडा वहीत चढवला, सही केली आणि पेन हातात धरून तशाच बसून राहिल्या.

"बाई, बरं वाटत नाहीये का?"

"अगं, मी जेवणाच्या सुट्टीत घरी गेले होते."

घर पलीकडच्याच गल्लीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आईच्या डोळ्यांत थेंब घालायला त्या रोज दुपारी पळत जात. डॉक्टरांनी आदल्याच दिवशी थेंब बदलून दिले होते. बाईंनी पर्समधून चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. नेमकं तेच औषध.

"हात धुतलेच असतील ना तुम्ही?"

"धुतले गं. पण चष्म्याला, पर्सला कुठे कुठे लागलं असेल! आल्यावर पहिली बरणी हीच उघडली मी."

सकाळी केलेल्या सगळ्या चाचण्या स्वच्छ होत्या. बाई गप्प बसल्या असत्या तर कुणाला संशयही आला नसता. पण त्यांनी त्याच नमुन्याची राखून ठेवलेली दुसरी सीलबंद बरणी मला काढायला लावली आणि स्वतः काचेबाहेर जाऊन बसल्या. मी सगळं पहिल्यापासून केलं. संध्याकाळी निकाल आला. मधात काहीच नव्हतं. मी आतूनच मान हलवली, तशी बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सुटकाही होती आणि लाजही.

आमचे साहेब सज्जन माणूस. म्हणाले, "जाऊ द्या बाई, यंत्राचा दोष म्हणून लिहा. आता जाता जाता कशाला डाग?"

"यंत्र बिचारं खरं तेच बोललं, साहेब."

बाईंनी पट्टी लावून आकड्यावर सरळ रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'तपासणाऱ्याच्या हाताला औषध होतं.' दुरुस्तीखाली दुसऱ्या कुणाची तरी सही लागते, म्हणून वही माझ्याकडे सरकवली. "कर गं," म्हणाल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण फौजदारबाईंना मिठी मारायची कुणाची छाती! मी सही केली. इतकी मन लावून सही मी लग्नाच्या कागदावरही केली नव्हती.