चीक, मोटर आणि राजनयाचा पेपर

१८ एप्रिल १९९३, रविवार. सकाळीच कुरडयांचा चीक शिजवायला घेतला. दुसऱ्या दिवशी कल्याणला माझा एम.ए.चा पेपर होता, आधुनिक राजनयाचा, म्हणजे डिप्लोमसीचा. गहू भिजत घालताना ते लक्षात आलं नव्हतं, आणि भिजलेला गहू परीक्षेसाठी थांबत नाही.

एक प्रकरण वाचायचं राहिलं होतं: राजनयातले बिगर-सरकारी घटक. कंपन्या, मदतसंस्था, धर्मगुरू, पत्रकार. पुस्तक मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलं होतं.

खरी काळजी पाण्याची होती. उल्हासनगरच्या आमच्या बराकीत पाणी पहाटे थोडाच वेळ यायचं. शेजारच्या सिंधी भाभीने नळाच्या लाइनला पाणी ओढायची मोटर लावली आणि आमचा नळ कोरडा पडला. यजमानांनी नगरसेवकाकडे तक्रार केली. त्याचा माणूस भाभीच्या दारात आरडाओरडा करून गेला. मोटर चालूच राहिली, बोलणं तेवढं बंद झालं. मला मागच्या गल्लीतल्या बोअरिंगवर हंडे घेऊन रांग लावावी लागे. सोमवारी तसंच झालं असतं तर पेपर बुडाला असता.

चिकाला दोन माणसं लागतात. एकाने ओतायचं, दुसऱ्याने ढवळायचं. दर वर्षी ओतायला भाभी असे. तिचे पापड लाटायला मी जात असे. त्या दिवशी यजमान ओतत होते, भसाभस. गुठळ्या झाल्या. मग तळाला लागलं.

खिडकीतून आवाज आला, "जल गया! पूरी गली में बास है. साहब को हटा वहाँ से."

भाभी आत आली. यजमानांच्या हातातलं पातेलं तिने काढून घेतलं. ते वर्तमानपत्र घेऊन बाहेर गेले, सुटल्यासारखे.

ती ओतत गेली, मी ढवळत राहिले. चीक सुधारला. सोऱ्या भरताना मी म्हटलं, "कल मेरा इम्तिहान है."

"मुझे क्यों बताती है? नगरसेवक को बता. वो पानी भर के देगा."

"वो नहीं भरेगा. इसलिए तुझे बता रही हूँ."

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "मेरे ससुर के सामने वो आदमी गाली देके गया. बूढ़ा दो दिन खाया नहीं."

हे मला माहीत नव्हतं. "मैं शिकायत वापस लेती हूँ. आज ही. तू मोटर हमारे भरने के बाद चालू कर."

"रोज?"

"रोज."

"और साहब?"

"साहब को मैं देखती हूँ."

तिने सोऱ्या फिरवला. "पहले शिकायत. फिर मोटर."

संध्याकाळी मी यजमानांना घेऊन नगरसेवकाच्या ऑफिसात गेले. यजमान रस्ताभर कुरकुरत होते. "आपली बाजू बरोबर असताना?" बाजू बरोबरच होती. पाणी नव्हतं. ऑफिसातल्या माणसाला सांगितलं की आमचं आपसात मिटलंय, पुन्हा कुणी त्या दारात जायचं नाही. त्याला मिटलेलं फारसं आवडलेलं दिसलं नाही. परतताना भाभीच्या सासऱ्यांना यजमानांनी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं. पिंप भरलं, हंडे भरले. मग मधल्या भिंतीवर थाप मारली. पलीकडे मोटर सुरू झाली. मी कुरडया गच्चीवर ऊन येईल तिथे सरकवल्या, हॉल तिकीट पर्समध्ये टाकलं आणि कल्याणची रिक्षा पकडली.