बेशुद्ध ताऊजींसमोर दत्तगुरूंशी भांडले

गुरुग्रामच्या आमच्या आयसीयूत नर्सला डोकं खाजवायचीही सवड नसते. खोटं वाटेल, पण मी एका हाताने सलाईन, दुसऱ्याने कफ ओढायची सक्शनची नळी सांभाळत दातांनी पडदा ओढलेला आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला खरं तर एक पूर्ण नर्स हवी. माझ्या वाट्याला तीन पेशंट. घरी कुकरची शिट्टी झाली तरी मी अलार्म बंद करायला धावायची. दत्तगुरूंच्या तसबिरीपुढे उभी राहिले की मनात यायचं, ह्यांना सहा हात कशाला, इकडे द्या की! श्रद्धा अशी आटत चालली होती.

आमच्यात एक रीत आहे. पेशंट बेशुद्ध असला तरी सांगितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. "ताऊजी, करवट बदल रही हूँ. ताऊजी, सुई लगेगी." इकडे वडीलधाऱ्यांना ताऊजी म्हणतात; हे ताऊजी म्हणजे पानिपतचे ब्लँकेटचे व्यापारी, न्यूमोनियाने आलेले, व्हेंटिलेटरवर. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला मन घट्ट करायला सांगितलं होतं. दिवसभर हिंदी बोलून माझा जबडा दुखायचा, म्हणून हळूहळू त्यांच्याशी मराठीतच बोलू लागले. कोणाला कळतंय! मग काय, नळच सुटला. इन्चार्ज मॅडमच्या लिपस्टिकपासून सासूबाईंच्या फोनपर्यंत काही म्हणून सोडलं नाही.

एका दुपारी माझी शेजारच्या बेडवरची पेशंट गेली. तिचा पडदा सरकवून ताऊजींकडे आले, त्यांचं तोंड पुसता पुसता मला रडू फुटलं. थेट दत्तगुरूंनाच धारेवर धरलं. "आहात का तुम्ही? असाल तर बोला. नाहीतर महिनाअखेरीस मी राजीनामा टाकते, मग बसा तुम्हीच ड्युटीला!" राजीनामा फोनमध्ये लिहून तयारच होता.

पुढच्या आठवड्यात, डॉक्टरांचा अंदाज चुकवत, ताऊजींची घशातली व्हेंटिलेटरची नळी निघाली. मी नेहमीसारखी तोंड पुसायला बोळा घेऊन वाकले. त्यांनी डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात, चक्क मराठीत विचारलं, "राजीनामा दिलीस काय गं, पोरी?"

माझं रक्त सरळ पायमोज्यांत उतरलं. त्या क्षणी मला मॉनिटर लावला असता तर पार शेजारच्या मानेसर गावापर्यंत अलार्म ऐकू गेला असता.

"तुम्हाला... मराठी?"

"सोलापुरात चादरीचा धंदा शिकलो. जवानी तिथंच गेली." ते दम खात म्हणाले, "सगळा अंधार होता. तुझी बडबड तेवढी यायची. सासूचं पुढं काय झालं ते कळायचं होतं, म्हणून थांबलो."

मी हसतेय की रडतेय, मला कळेना. भीत भीत विचारलं, "आणि दत्तगुरू? ते काही बोलले का?"

"तू बोलू कुठं दिलीस त्याला?"

त्याच संध्याकाळी मॅडमसमोर उभी राहिले. राजीनामा नाही काढला. एवढंच म्हणाले, "मॅडम, तीन मुझसे नहीं संभलते." नोकरीला लागल्यापासून हे वाक्य तोंडातून निघालंच नव्हतं. "पहले क्यों नहीं बोली, यार?" म्हणत मॅडमनी स्वतः हातमोजे चढवले आणि माझा तिसरा बेड घेतला.

रोज असं होत नाही. अजूनही कधी कधी तीन येतातच. पण सगळ्यांचे श्वास मीच ओढतेय हा भ्रम त्या दिवशी उतरला. माझे दोन हात जेवढं करतात तेवढं मनापासून करते, पुढचं ज्याचं त्याच्यावर सोपवते. आजही प्रत्येक बेडपाशी बडबडते. मग हात जोडते आणि क्षणभर गप्प बसते, दत्तगुरूंनाही काही सांगायचं असेल म्हणून.