ट्रॉलीवर बसलेला माणूस

ढोकीच्या वाटेवर पिराजी उसानं भरलेल्या ट्रॉलीवरून पडून मेला. त्याची बायको मालनबाई भरपाईसाठी कोर्टात गेली, तेव्हा वकिलानं बजावलं, "बाई, कायद्यानं रस्त्यावरून चालणाऱ्याला विमा लागू होतो, मालाच्या गाडीवर बसलेल्याला होत नाही. ते चालत होते, असंच सांगा."

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना पिराजीचा पाय अधू झाला होता. त्या दिवशीही तो लंगडत चालतच निघाला होता. तिनंच ट्रॅक्टरला हात करून त्याला वर चढवलं होतं.

न्यायाधीशांनी विचारलं आणि तिला रडू फुटलं. "चालत हुते वो साहेब, म्याच बसवलं त्यास्नी!"

दावा फेटाळला गेला. पुढल्या हंगामात लेकरं सासूजवळ ठेवून मालनबाई भावाच्या जोडीनं ऊसतोडीला गेली.