बॉयलरच्या पूजेला कोण बसलं

पुढचा चीफ इंजिनिअर सुगत वाघमारेच, हे उदगीरकडच्या त्या साखर कारखान्यात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आताचे चीफ सिद्रामप्पा रिटायर व्हायला आलेले, आणि त्यांच्यामागं मिल न् टर्बाइन सांभाळणारा सुगतच. चेअरमन भुजंगरावांनी त्याला मुद्दाम पुण्याला ट्रेनिंगला धाडलं. तिथल्या गोड बोलणाऱ्या बाईनं शिकवलं, "आता पाना खाली ठेवा. हाताखालच्या माणसाला पुढं करा." सुगतनं ते अगदी मनावर घेतलं. भला माणूस, तिथंच घात झाला.

दसऱ्याला बॉयलर पेटवायची पूजा आली. ह्या कारखान्याची रीतच अशी, की पूजेला चीफ बायकोसोबत पाटावर बसतो. सिद्रामप्पा म्हणाले, "यंदा तुम्ही दोघं बसा. म्हंजे समद्यांना कळंल."

सुगत बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव नाही, पूजा नाही. बायको लुंबिनीनं साफ सांगितलं, "मी बसणार न्हाई आन् तुम्ही बी बसायचं न्हाई. सरळ सांगून टाका त्यास्नी."

सांगायला ह्याची जीभ रेटेना. पद दारात आलेलं, चेअरमनला कशाला दुखवा? मग ट्रेनिंग आठवलं न् जिवात जीव आला. वीरेश त्याचा ज्युनिअर, हुशार, नुकतंच लग्न झालेलं. "वीरेश, यंदा तू न् शिवांगी बसा. मी बॉयलरवर थांबतो." पोरगं हरखून गेलं. सुगतलाही वाटलं, पद राहिलं न् लुंबिनीचा शब्दही राहिला.

कशाचं काय! नारळ फुटला, बॉयलर पेटला, आणि संध्याकाळच्या पाळीला फिटर लोक वीरेशला 'चीफसाहेब' म्हणून हाका मारत होते. दिवाळीआधी ऑर्डर निघाली, ती वीरेशच्याच नावाची. सुगत चेअरमनच्या केबिनमध्ये गेला तर भुजंगराव हसून म्हणाले, "अहो, तुम्हीच पुढं केलं की त्याला! तुमची अडचण आम्हाला ठाऊक हाय, बळजबरी कशाला करावी? आता त्याला तयार करा. तुमचं ट्रेनिंग झालेलंच हाय." वर चहाही पाजला.

घरी येऊन सुगत तडतडला, "जात बघितली त्यांनी, दुसरं काय!"

"बघितलीच की," लुंबिनी म्हणाली. "त्यास्नी निमित्तच पाहिजे होतं. पर ते तुम्ही हातात नेऊन दिलं. मी बौद्ध हाय, पूजेला बसणार न्हाई, पर चीफ मीच, एवढं तोंडावर म्हणायचं होतं. मग त्यास्नी नाकारावं लागलं असतं, समद्यांदेखत. तुम्ही तर त्या पोराच्या आड लपलात."

सुगतला लई झोंबलं. तिचं खोटं नव्हतं म्हणूनच झोंबलं.

सकाळी वीरेश ओशाळून समोर उभा राहिला. "सर, मला आधी काय शिकवणार?"

सुगतला वाटलं सांगावं, आधी न्हाई म्हणायला शीक. तेही त्याच्या तोंडून निघालं नाही. "चल, टर्बाइनपासून सुरू करू," तो म्हणाला.