अकरावं नाव

लग्नपत्रिका हातात आली की मी आधी सगळ्यात खालचं नाव वाचतो. मुलं हसतात. हसू देत. पहिल्या नावावर माझा राग आहे, आणि तो आता या वयात जायचा नाही.

आमच्या किनाऱ्यावरच्या गावात दरवर्षी जत्रेला नाटक व्हायचं आणि त्याचं छापील पत्रक निघायचं. नटांची नावं कुठल्या क्रमानं छापायची, हा प्रश्न गावानं कायमचा मिटवला होता. पालखी निघताना मानाचा नारळ ज्या क्रमानं घरांना मिळतो, त्याच क्रमानं नावं. पहिला नारळ खोतांचा, म्हणून पहिलं नाव खोतांच्या मुलाचं. खोती कायद्यानं गेली होती, पण नारळाबद्दल कायद्यात काही म्हटलेलं नव्हतं. आमच्या घराचा मान पलित्यांत तेल घालण्याचा. नंबर अकरावा, म्हणजे शेवटचा. शिवाय नावापुढे भूमिका छापायची नाही, असाही ठराव होता. पहिल्याच नावापुढे ‘द्वारपाल’ आलं तर बरं दिसलं नसतं.

कारण खोतांचा मुलगा द्वारपालच असायचा. दोन वाक्यं. त्यातलं एक आतून मी सांगायचो. मी प्रॉम्प्टर, आणि अक्षर बरं म्हणून मंडळाचा चिटणीस. मला अभिनय येत नाही, हे गावानं एकाच प्रयोगात ओळखलं होतं. नायक असायचा माझा थोरला भाऊ. दादानं आधी लुगडं नेसून बायकांची कामं केली, मग मिशी राखून राजा झाला. चिखलणी करताना संवाद म्हणायचा आणि बैलांवर राजासारखा ओरडायचा. बैल मात्र मुळीच ऐकत नसत.

एका साली माणगावला गावोगावच्या नाटकांची चढाओढ भरली. माणगाव ही दादाची सासुरवाडी. सासरे जावयाला चारचौघांत ‘आमचा नाच्या’ म्हणत. मी पत्रकाचा कागद घेऊन छापखान्याला निघालो, तेव्हा दादा बांधावरून खाली उतरला.

“तिथं आपली पालखी न्हाय,” तो म्हणाला. “या एका टायमाला माझं नाव वर घाल. सासरा वाचंल.”

“बघतो,” मी म्हणालो.

त्यानं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एवढी एकच गोष्ट. छापखान्यातल्या माणसानं हातात पेन्सिल धरून मला विचारलंसुद्धा, “नायकाचं नाव वर घ्यायचं का?” मी म्हणालो, “आहे तसंच राहू द्या.” मला मंडळाची बैठक दिसली, खोत दिसले, त्यांची सुपारी कातरत वर बघायची लकब दिसली. सव्वीस वर्षांचा घोडा मी, जमीन गेलेल्या माणसाला घाबरलो.

माणगावला दादानं जे काम केलं, ते मी पुस्तकात डोकं घालूनही पाहिलं. त्याला एकही शब्द सांगावा लागला नाही. सासरे दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसल्याचं वहिनीनं मला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात बक्षीस समारंभ झाला. परीक्षक तिघे, सगळे बाहेरगावचे. त्यांना नायक आवडला आणि त्यांनी त्याचं नाव पत्रकात शोधलं. कुठलाही शहाणा माणूस जसं धरेल तसंच त्यांनी धरलं, की पहिलं नाव नायकाचं. उत्कृष्ट अभिनयाचा कप खोतांच्या मुलाला जाहीर झाला.

आणि तो उठला! चुकलंय म्हणून सांगायला नाही, कप घ्यायला. वर जाऊन त्यानं चार शब्द बोलूनही घेतले, नाटकात होते त्यापेक्षा जास्त. गावानं टाळ्या वाजवल्या. दादानं वाजवल्या. मीही वाजवल्या. सासरे कधी उठून गेले कळलं नाही.

मी तावातावानं परीक्षकांकडे गेलो. मनात तीन वाक्यं जुळवली होती, कडक. त्यांनीच माझा हात धरला. “तुमच्या गावाचं अभिनंदन!” म्हणाले. मी म्हणालो, “आभारी आहे.” आणि परत आलो. माझा पराक्रम एवढाच.

एसटीत कप खोतांच्या मुलाच्या मांडीवर. वहिनी माझ्या पुढच्या बाकावर. मान न वळवता तिनं विचारलं, “भावजी, छापखान्यात कागद कोणी नेलेला?”

“मी.”

“ह्यांनी काय सांगितलेलं?”

मी खिडकीबाहेर बघितलं.

“बघतो म्हणालात ना? मग आता बघा. चांगलं डोळं फाडून बघा. माझ्या बापानं मला काय विचारलं ठाव हाय? तुझा नवरा नक्की काय करतो म्हणून!”

पुढच्या वर्षी बैठकीत भूमिका वाटायला बसले, तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, “कप ज्याच्या घरात, नायक त्यानं व्हावं. मी यंदा बघायला बसतो.” खोतांनी सुपारी कातरायची थांबवली. नाही म्हणणार कसं? मुलगा नायक झाला. मला इतका आनंद झाला, की घरी जाऊन मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

रंगीत तालीम भर दुपारी देवळात होती. निम्मं गाव जमलं होतं. पहिल्याच मोठ्या प्रवेशात खोतांचा मुलगा अडकला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक मिटलं. होय, मुद्दाम मिटलं, आणि त्याच्याकडे बघत बसलो. घाम त्याच्या नाकावरून टपकत होता. ते सुख मला अजून आठवतं.

तेवढ्यात खांबाजवळून वाक्य आलं. दादा! बसल्या जागेवरून, हळूच. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. वहिनी त्याचा सदरा ओढत होती, पण तो थांबेना. शेवटी खोतांचा मुलगा मुकुट काढून म्हणाला, “दादा, मला जमत न्हाय. तुम्हीच करा.” आणि आमचा हा शहाणा उठला, हात झटकले, उभा राहिला.

“कशाला मदत केलीस त्याला?” घरी येताना मी अक्षरशः ओरडलो.

“अरे, वाक्य वाया चाललं होतं,” तो म्हणाला.

“कप मागायचास तरी! नाव वर घ्या म्हणायचंस!”

दादा वाटेत थांबला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “पत्रक छापून आलं न्हाय का?”

आलं होतं. पाचशे प्रती माझ्या खाटेखाली होत्या. कागद नेहमीप्रमाणे मीच नेला होता. दादा यंदा नाटकात नाही, म्हणून दहाच नावं होती. छापखान्यातल्या माणसानं या वेळी काही विचारलं नव्हतं.

अकरावं नाव मी हातानं लिहिलं. पाचशे वेळा, चांगल्या अक्षरात, सगळ्यात खाली. वर जागा नव्हती असं मी वहिनीला सांगितलं. वर बोटभर जागा होती.