मामाजींचा जुनवान संत्रा

मामाजी गेल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा मी चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत होते. हेडमास्तरांच्या खोलीतल्या फोनवर आमचे हे होते. "बाबा गेले," म्हणाले, "सकाळी उन्हात खाटेवर पडले होते, ते उठलेच नाहीत." सासरा गेल्यावर सुनेच्या मनात काय यायला पाहिजे, ते मला चांगलं ठाऊक आहे. पण खरं तेच सांगते. माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे की कलमं लागली की नाही, हे आता त्यांना कधीच कळणार नाही... आणि त्या एका विचाराने मी हेडमास्तरांसमोर मोठ्याने रडले.

कलमं म्हणजे संत्र्याची. सावनेरच्या अलीकडे आमच्या घरची पाच एकर बाग आहे. त्यातल्या चार एकरांत इतरांच्या बागेत असतात तशीच झाडं, आणि विहिरीच्या अंगाला एक एकर जुनवान झाडं, मामाजींच्या आजोबांनी लावलेल्या जातीची. त्या जातीला दुसरं नाव नव्हतं. घरात नुसतं 'जुनवान' म्हणत. फळ दिसायला अगदीच गबाळं, साल ढिली, देठापाशी नाकासारखं वर आलेलं, आणि पेटीत खाली गेलं की चेपलंच म्हणून समजा. व्यापारी त्याला हात लावत नसत. पण फोड तोंडात टाकली की आधी जीभ चटकन आंबट व्हायची आणि मग अशी गोडी यायची की वरून पाणी प्यायलं तरी ती जात नसे. आजूबाजूच्यांनी ती झाडं केव्हाच काढून टाकली होती. "चार एकर इकाले, एक एकर खाले," असा मामाजींचा हिशोब. फळं तयार झाली की शहरात आमच्या नंदनवनच्या घरी स्वतः पिशवी घेऊन यायचे, एसटीत ती पिशवी खाली ठेवायची नाही, पूर्ण रस्ता मांडीवर.

माझी आणि त्या झाडांची पहिली भेट मात्र काही बरी झाली नाही. साठच्या दशकातली गोष्ट, लग्न होऊन मी नवीनच आलेली, शहरातली, महाल भागातली मुलगी, शेतातलं ओ की ठो कळत नव्हतं. मे महिना होता. विहिरीला पाणी होतं आणि तरी बागेला कोणी पाणी देईना. पानं मिटलेली, झाडं मलूल. मला वाटलं, काय निर्दयी माणसं आहेत ही! दुपारी सगळे झोपले की मी बादलीबादलीने पाणी ओढून विहिरीजवळच्या पाच जुनवान झाडांना घालायची. चार दिवस घातलं. पुढच्या आठवड्यात मामाजी त्या झाडांसमोर कमरेवर हात ठेवून उभे. "हे पाचच काहून हिरवे होऊन राहिले?" मी पदर सावरत पुढे झाले आणि कबूल केलं, "मामाजी, मी पाणी घातलं. वाळून चालली होती." त्यांनी एक फांदी वाकवून पाहिली. मग म्हणाले, "वाळत नव्हते वं बाई. मीनंच उपाशी ठेवले होते. असा ताण देल्ला का झाड घाबरते, मंग पाणी पडलं का फुलावर येते. तू त्याईले जेवू घातलं. आता ते आरामात पानं काढतीन, अन् बहार गेला." खरंच त्या वर्षी त्या पाच झाडांवर एक फूल आलं नाही. रागावतील म्हणून मी आठ दिवस जीव मुठीत धरून होते. रागावले नाहीत, पण त्याहून वाईट केलं. घरी कोणीही पाहुणा आला की ओळख करून देत, "हे आमची पाणीवाली सून. इच्या हातचा चहा घ्या, भाजी घ्या, फक्त झाडापाशी जाऊ देऊ नका." हे पुढे वीस वर्षं चाललं. मी चिडायची, सासूबाई हसायच्या, आणि चिडता चिडता मी त्या माणसाची कधी झाले ते मलाच कळलं नाही.

मग डिंक्या आला. खोडातून डिंक गळायला लागतो, साल सडते आणि उभं झाड दोन-तीन वर्षांत जातं. नव्या झाडांतली बरीच वाचली, जुनवान मात्र एकेक करून गेली. मामाजी मोरचूद आणि चुन्याचा लेप घेऊन खोडाखोडाशी बसत. आमचे हे एकदा म्हणाले, "बाबा, सगळीच काढून टाका, तिथे नवीन लावू." मामाजींनी फक्त विचारलं, "तुह्या तोंडाची चव गेली का रे?" पण त्यांनाही दिसत होतं. गेल्या पावसाळ्याअखेर एक झाड उरलं होतं, आणि त्याच्याही खोडाला डिंक होता.

नाताळच्या सुट्टीत मी गावी गेले तेव्हा त्यांनी मला परसातल्या वाफ्यापाशी नेलं. जंबेरी लिंबाची रोपं वाढवून ठेवली होती, पेन्सिलीएवढ्या जाडीची. त्या रोपाच्या सालीत चीर पाडायची, जुन्या झाडाच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, सालीसकट काढून त्या चिरेत बसवायचा आणि केळीच्या सोपाच्या पट्टीने बांधायचं. तो लागला की नवीन मुळांवर जुनी जात चालू. मामाजींनी आयुष्यभर हजारो डोळे बांधले असतील, पण आता त्यांचे हात थरथरत होते. चाकू त्यांनी माझ्या हातात दिला.

"मी?" मी म्हटलं. "मामाजी, मी पाणीवाली आहे. यांना सांगा ना."

"त्याच्या हाताले घाई हाये," ते म्हणाले. "तू पोरायचे अक्षरं गिरवून घेते. तुले जमते."

मला काही जमत नव्हतं. पहिले पाच-सहा डोळे मी फुकट घालवले. "लाकडात नको जाऊ वं! साल उचल, फक्त साल!" ते मागून ओरडत, त्यांचे हात आपोआप पुढे यायचे आणि मग ते मागे घ्यायचे. माझ्या बोटाला चाकू लागला, त्यावर त्यांनीच हळद दाबली. झाडावर रोग नसलेली अशी एकच फांदी होती, वरच्या शेंड्याची. त्यातून संध्याकाळपर्यंत अकरा रोपं बांधून झाली. फांदीवर आणखी डोळा उरला नव्हता. हे लागले तर लागले, नाहीतर आजोबांपासून आलेलं सगळं माझ्या हाताने संपणार होतं. रात्री मला जेवण गेलं नाही.

निघताना मी विचारलं, "लागतील का हो?" त्यांनी ओठावर बोट ठेवलं. बांध सोडेपर्यंत कलम लागलं असं म्हणायचं नाही, दृष्ट लागते, हा त्यांचा नेम होता. "तीन आठवड्यानं ये अन् तूच बांध सोड," म्हणाले. "तोवर मले काही इचारू नको, मी काही सांगणार नाही." एसटीपर्यंत सोडायला आले होते... ती शेवटची भेट. तीन आठवडे व्हायला चार दिवस बाकी असताना ते गेले.

तेरवीपर्यंत वाफ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि मी एकटी जाऊन बसले. एकेका रोपाचा बांध सोडत गेले. चार डोळे काळे पडून वाळले होते. बाकीचे सात... हिरवे होते, टच्च हिरवे. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी संताप आला. सोळा-सतरा दिवस त्या माणसाने वाट पाहिली, आणि चार दिवसांसाठी हुकलं. सासूबाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, "रोज सकाळी वाफ्यात जाऊन बसत होते. मी इचारलं, काय पाहून राहिले, तं म्हणे काही नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांचे कपडे धुवायला काढले, गरजूंना द्यायचे होते. त्यात त्यांचा खांद्यावरचा रोजचा दुपट्टा होता. त्याच्या एका टोकाला गाठ होती. वाटलं, सुपारी असेल. सोडून पाहिलं तर आत पानांचे वाळके देठ, काडीच्या तुकड्याएवढे. आधी मला काहीच कळेना. मग एकदम आठवलं. डोळा बांधताना त्याखालचं पान काढून टाकतात आणि अर्धा देठ तेवढा बाहेर ठेवतात. डोळा मेला की तो देठ वाळून तिथेच चिकटून बसतो. जिवंत असला की बोट लावताच अलगद गळून हातात येतो. हे मला त्यांनीच सांगितलं होतं. वाफ्यात मी बांध सोडत होते तेव्हा सात रोपांवर देठ नव्हते आणि चारांवर होते, पण माझं लक्ष होतं ते फक्त हिरव्या रंगाकडे.

मी देठ मोजले. सात.

मी धुण्याच्या दगडावर बसून सासूबाईंना हाक मारली. त्यांनी माझ्या तळहातावरचे देठ पाहिले, त्याही शेतकऱ्याचीच लेक, मला काही सांगावं लागलं नाही. "पाह्य वं," त्या म्हणाल्या, "सांगाचं नव्हतं ना, म्हणून गाठीत बांधून ठेवलं बुढ्यानं." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघी हसलो, डोळे पुसत पुसत हसलो.

ते जुनं झाड आता जवळजवळ वाळलं आहे. आमचे हे म्हणतात, पावसाळ्याआधी काढू, आणि मी हो म्हटलं आहे. सात रोपांवर बोटभर फूट आहे. कपडे सगळे देऊन टाकले, तो दुपट्टा तेवढा नंदनवनच्या घरी खुंटीवर आहे. देठ परत आत ठेवून मी त्याला गाठ मारली आहे. शाळेतून आले की हात धुवायच्या आधी मी ती एकदा चाचपून पाहते. त्यांना कळलं होतं.